शुश्रूषा आणि शिकवण

रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस रुग्णाला सणासारखा वाटतो. घरची माणसे सकाळपासूनच येऊन बसलेली असतात. कपड्यांचे गाठोडे बांधून होते, औषधे पिशवीत जातात, शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा निरोप घेतला जातो. इतक्यात परिचारिका येते आणि रुग्णाजवळ उभी राहून बोलू लागते. कोणती गोळी जेवणापूर्वी घ्यावी व कोणती जेवणानंतर, जखमेवरची पट्टी कशी बदलावी, कोणते लक्षण दिसताच विलंब न लावता परत यावे, हे सारे ती एकेक करून सांगते. निघण्याच्या घाईत असलेल्या मंडळींना तिचे बोलणे लांबल्यासारखे वाटते. 'हो, हो' म्हणून ती माना डोलावतात आणि दरवाजाकडे पाहू लागतात. परंतु त्या दिवशी रुग्णालयातून घरी नेलेल्या सर्व वस्तूंमध्ये परिचारिकेचे हे चार शब्दच अधिक मोलाचे असतात. पिशवीतील गोळ्या आठ-पंधरा दिवसांत संपून जातात. नीट समजलेली गोष्ट मात्र जन्मभर पुरते.

परिचारिका म्हटले की शुभ्र पोशाखात लगबगीने फिरणारी, ताप मोजणारी, सुई टोचणारी, जखमा धुणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. आज ह्या व्यवसायात पुरुषही आहेत. पण लोकांच्या मनातील चित्र असेच असते. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. परिचर्या हे हातांचे काम आणि शिकवणे हे शाळेतील गुरुजींचे काम, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. वास्तविक, उत्तम परिचारिका ही शिक्षिकाही असते. ती रुग्णाला शिकवते, त्याच्या घरच्यांना शिकवते, इतकेच नव्हे तर आपल्यासोबत काम करणाऱ्यांनाही शिकवते. हे शिकवणे म्हणजे फावल्या वेळात करण्याचे जोडकाम आहे, असे मानणे चुकीचे होय. ते परिचर्येचेच एक प्रमुख अंग आहे.

असे म्हणण्याचे कारण उघड आहे. रुग्ण रुग्णालयात राहतो फार थोडे दिवस, आणि रोगाशी त्याची गाठ असते मोठ्या काळाची. क्षयरोगाचेच उदाहरण घ्यावे. ह्या रोगावरील औषध सामान्यतः किमान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. परंतु काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागू लागते आणि आपण बरे झालो असे रुग्णाला वाटते. तो औषध सोडून देतो. शरीरात दडून राहिलेले जंतू पुन्हा वाढू लागतात, आणि पूर्वीची औषधे त्यांच्यावर चालेनाशी होण्याचा मोठा धोका उत्पन्न होतो. मधुमेहाचेही तसेच आहे. ज्याला रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, त्याने जेवणाची वेळ चुकवली तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. अंगाला घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे कशाचे लक्षण आहे हे ठाऊक असेल, तर शुद्धीवर असलेला रुग्ण चटकन साखर तोंडात टाकतो आणि संकट टळते. ठाऊक नसेल, तर तो स्वस्थ पडून राहतो आणि बेशुद्ध होतो. अशा वेळी त्या घरात डॉक्टर नसतात आणि परिचारिकाही नसते. असते ते केवळ तिने दिलेले ज्ञान. ते पक्के असेल तरच माणूस वाचतो.

आपल्या देशातील प्राचीन वैद्यांना ही गोष्ट ठाऊक होती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि चौथा पाद म्हणजे स्वतः रुग्ण. रुग्णाच्या अंगी कोणते गुण असावेत हेही त्या ग्रंथात सांगितले आहे. त्याची स्मरणशक्ती चांगली असावी, सांगितल्याप्रमाणे वागण्याची त्याची तयारी असावी, त्याने भिऊ नये, आणि आपल्याला काय होत आहे हे त्याला नीट सांगता यावे. बारकाईने पाहिले तर हे चांगल्या विद्यार्थ्याचेच गुण आहेत. मात्र आजार नेमका ह्याच गुणांवर घाला घालतो. वेदनेने स्मरण मंदावते, भीतीने मन गोंधळते आणि संकोचाने तोंड बंद होते. म्हणून रुग्णाला धीर देऊन, त्याचे मन स्थिर करून, त्याला पुन्हा शिकण्याजोगा करणे हे काम कोणाला तरी करावे लागते. रात्रंदिवस त्याच्या उशाशी वावरणाऱ्या परिचारिकेहून ह्या कामाला अधिक योग्य दुसरे कोण असणार?

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या चरित्रातून हीच गोष्ट दिसून येते. त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी झाला. हा दिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, अडतीस स्त्रियांना बरोबर घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांची विचारपूस करणारी त्यांची मूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्या युद्धात ब्रिटिश सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगांनीच कितीतरी अधिक संख्येने मेले. गटारे तुंबलेली, हवा कोंडलेली, पाणी दूषित, अशी तेथील अवस्था होती. १८५५ च्या वसंत ऋतूत स्वच्छता मंडळाने गटारे साफ केली, खेळती हवा आणली, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

मायदेशी परतल्यावर नाइटिंगेलबाईंनी मृत्यूंचे आकडे गोळा केले आणि ते साऱ्यांना सहज समजावेत म्हणून १८५८ मध्ये रंगीत आकृत्यांच्या रूपाने मांडले. लांबलचक अहवाल वाचण्याचा कंटाळा असलेल्या अधिकाऱ्यांनाही त्या आकृत्या पाहताच कळे, की सैन्याचा खरा शत्रू कोण. एका परिचारिकेने एका साम्राज्याच्या मंत्र्यांना दिलेला तो धडाच होता. १८५९ मध्ये त्यांनी परिचर्येवर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते केवळ व्यवसाय करणाऱ्या परिचारिकांसाठी नव्हते. ज्या ज्या स्त्रीवर घरातील कोणाच्या आरोग्याची जबाबदारी पडते, तिच्यासाठी ते होते. परिचारिका रुग्णाजवळ नसेल तेव्हाही त्याची व्यवस्था यथास्थित कशी चालावी, ह्याचा विचार त्यांनी त्या पुस्तकात केला आहे. रुग्णाला येता-जाता पोकळ धीर देणाऱ्या व न मागता सल्ले देणाऱ्या लोकांवर त्यांनी कडक टीकाही केली आहे. सल्ला देणे निराळे आणि शिकवणे निराळे, हे त्या जाणून होत्या.

पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. वार्धक्यातही, १८९२ मध्ये, इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यातील खेड्यांत घरोघर जाऊन मातांना आरोग्याचे नियम शिकवणाऱ्या स्त्रिया तयार करण्याच्या उपक्रमाला त्यांनी हातभार लावला. नुसत्या व्याख्यानाने भागत नाही. आईच्या स्वयंपाकघरात जाऊन, तिच्याच भांड्यांनी व तिच्याच चुलीजवळ ती गोष्ट करून दाखवली पाहिजे, असा त्यांचा दृष्टिकोन होता. भारतात त्या कधी आल्या नाहीत. तरी येथील खेड्यांतील स्वच्छतेविषयी त्या अनेक वर्षे लिहीत राहिल्या.

मग परिचारिकेने शिकवावे तरी कसे? ह्याचे उत्तर 'शुश्रूषा' ह्या शब्दातच आहे. सेवा हा त्या शब्दाचा रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. जी आधी ऐकते तीच पुढे शिकवू शकते. एखाद्या घरात बाळाला जुलाब होतात आणि आजी त्याचे पाणी बंद करते. पोटात जितके पाणी जाईल तितके जुलाब वाढतील, अशी तिची समजूत असते. तिला नातवाचा जीव प्यारा असतो, म्हणूनच ती तसे करते. 'तुम्हांला काही समजत नाही' असे परिचारिका तिला म्हणाली, तर आजी गप्प बसेल. पण घरी गेल्यावर पुन्हा तेच करील. उलट, परिचारिकेने तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि 'आजी, उन्हात रोपटे सुकू लागले तर आपण त्याचे पाणी तोडतो की वाढवतो?' असे विचारले, तर आजी क्षणभर विचारात पडते. त्या एका क्षणात शिकण्याचे दार उघडते. मग जुलाबांवाटे शरीरातून पाणी व क्षार निघून जातात, ते परत भरून काढले पाहिजेत, ही गोष्ट तिला पटते. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात कशी मिसळावी, हे ती आनंदाने शिकते. आणि पुढच्या वेळी शेजारच्या सुनेला तीच शिकवते. विद्या दिल्याने वाढते, हे वचन येथे अक्षरशः खरे ठरते.

शिकवणे पुरते झाले की नाही, हे ओळखण्याची कसोटीही एकच आहे. सांगणाऱ्याने काय सांगितले, ह्याला महत्त्व नाही. ऐकणाऱ्याच्या हाताला काय करता येऊ लागले, ह्याला आहे. बांगलादेशात १९८० ते १९९० ह्या दशकात ब्रॅक नावाच्या संस्थेने ह्याच जुलाबांच्या संकटावर एक प्रचंड मोहीम चालवली. त्या संस्थेच्या शिकवणाऱ्या स्त्रिया परिचारिका नव्हत्या. खास ह्या कामासाठी तयार केलेल्या त्या साध्या कार्यकर्त्या होत्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी ह्यांचे मिश्रण घरी कसे करावे, हे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत जाऊन शिकवले. प्रत्येक आईकडून ते मिश्रण तिच्याच हातांनी करवून घेतले जाई. काही दिवसांनी दुसरी माणसे त्यांतील काही घरांत जाऊन आईला काय आठवते हे पाहत, आणि त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरत असे. आई विसरली तर उणेपण आईचे मानले जात नसे, शिकवणारीचे मानले जाई. ही कसोटी कडक खरी. पण प्रत्येक परिचारिकेने व प्रत्येक शिक्षकाने मनाशी बाळगावी अशीच आहे. 'समजले का?' ह्या प्रश्नाला सगळेच 'हो' म्हणतात. 'आता तुम्ही करून दाखवा' असे म्हटल्यावरच खरे काय ते कळते.

परिचारिकेचे विद्यार्थी केवळ खाटेवरच असतात असे नाही. ते तिच्या बरोबरीने कामही करीत असतात. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. त्या काळी परिचर्येच्या कामाकडे आपल्या समाजातील पुष्कळ लोक तुच्छतेने पाहत. रमाबाई रानडे ह्यांनी त्या टीकेला न जुमानता अनेक स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ह्या शिक्षणाकडे वळवले. सेवासदनाच्या विद्यार्थिनी पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचर्येचे धडे घेऊ लागल्या. परिचर्या ही अनुभवी हाताजवळ उभे राहून शिकण्याची विद्या आहे. नाडी कशी पाहावी हे पुस्तकात वाचता येते. पण घाबरलेल्या मुलाचा हात कसा धरावा, हे वडीलधाऱ्या परिचारिकेजवळ उभे राहूनच कळते.

ही शिकवण रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही जाऊ शकते. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, जामखेड येथे, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचे कार्य सुरू केले. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. तरीही गरोदर स्त्रीची तपासणी, बाळाचा आहार, पाण्याची स्वच्छता ह्या गोष्टी त्या शिकल्या आणि आपल्या गावाला शिकवू लागल्या. डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक ह्यांचे फिरते पथक गावात येऊन त्यांच्या पाठीशी उभे राही. ज्ञान हे पदवीधरांपुरते राखून ठेवण्याची वस्तू नाही, हे जामखेडने दाखवून दिले.

ज्येष्ठाने कनिष्ठाला शिकवावे हे सर्वांना पटते. कठीण असते ते आपल्याहून वरच्या अधिकाराच्या माणसाला त्याची चूक दाखवणे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, अत्यवस्थ रुग्णांवर जेथे उपचार होतात अशा शंभरहून अधिक विभागांत, ह्याचा एक प्रयोग झाला. अशा रुग्णांच्या मोठ्या शिरेत औषधासाठी नळी घालावी लागते, आणि त्या नळीवाटे रक्तात जंतू शिरून पुष्कळ रुग्ण दगावत. तेव्हा डॉक्टरांसाठी साध्या नियमांची एक यादी करण्यात आली : हात धुवावेत, कातडी जंतुनाशकाने स्वच्छ करावी, रुग्णाचे अंग निर्जंतुक वस्त्राने झाकावे, गरज संपताच नळी काढावी, इत्यादी. ह्यांतील एखादी गोष्ट डॉक्टरांकडून राहून गेली, तर त्यांना तेथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना देण्यात आला. ह्या प्रयोगाचे फळ २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षाच्या अवधीत अशा संसर्गाचे प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत घटले होते. नियम नवे नव्हते. डॉक्टरांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि प्रत्येक वेळी पाळले जाणे ह्यांत अंतर असते. त्या प्रयोगात ते अंतर भरून काढण्यास परिचारिकेच्या सावध नजरेचा व निर्भय शब्दाचा मोठा हातभार लागला.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातात. एक आक्षेप असा, की परिचारिकेला शिकवायला वेळ कोठे असतो? एकेका परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार असतो, ही गोष्ट खरी आहे. पण तिच्यावरून निष्कर्ष काढायचा तो असा, की परिचारिकांची संख्या वाढवली पाहिजे आणि शिकवण्याला तिच्या कामात हक्काचा वेळ दिला पाहिजे. वेळ नाही म्हणून शिकवण सोडून दिली, तर तोच रुग्ण महिन्याभराने अधिक आजारी होऊन परत येतो, आणि वाचवलेला वेळ दामदुपटीने खर्च होतो. दुसरा आक्षेप असा, की परिचारिकेने चुकीचे सांगितले तर अनर्थ होईल. ही भीती रास्त आहे. म्हणूनच जिला शिकवायचे आहे तिने स्वतः आयुष्यभर शिकत राहिले पाहिजे. जुनी माहिती टाकून नवी घेतली पाहिजे, आणि जे ठाऊक नाही त्याविषयी 'डॉक्टरांना विचारून सांगते' असे म्हणण्यात कमीपणा मानता कामा नये. रोग ओळखणे व औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते औषध रुग्णाच्या घरी, त्याच्या रोजच्या जीवनात, नीट कसे उतरेल हे पाहणे परिचारिकेचे काम आहे. ही दोन्ही कामे परस्परांना पूरक आहेत.

शिकवणाऱ्याइतकीच शिकणाऱ्याचीही जबाबदारी असते. परिचारिका बोलत असताना दरवाजाकडे पाहणारे कुटुंब तिचे श्रम वाया घालवते, आणि आपलेही नुकसान करून घेते. कित्येक घरांत आज आजी-आजोबांना औषधावरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. पण नातवंडांना येतात. अशा वेळी मुलांनी पुढे होऊन परिचारिकेचे सांगणे लक्षपूर्वक ऐकावे, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात, जे कळले नाही ते न लाजता विचारावे, आणि घरी गेल्यावर मोठ्यांना त्याची आठवण करून द्यावी. असे एक मूल घरात असेल, तर परिचारिकेची शिकवण त्या घराला विसरू देत नाही. रुग्ण घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या खाटेवर नवा रुग्ण येतो आणि परिचारिका पुन्हा पहिल्या धड्यापासून सांगू लागते. तिच्या शाळेला सुट्टी नाही, आणि तिच्या विद्यार्थ्यांची परीक्षा दूर कोठेतरी, त्यांच्या स्वतःच्या घरी होते. त्या परीक्षेत ते उत्तीर्ण व्हावेत, एवढीच तिची अपेक्षा असते.